मिसळीला ऊन लागलं

...आणि वर मलाच विचारतात, "अण्णा, जिन्यात का बसलात?" अरे, जिना काय कुणाच्या बापाचा आहे का? बसा, तुम्हीही बसा, लाईट गेलीय, लिफ्ट बंद आहे, या उन्हाचं तीन मजले चढून कुणाचं भलं झालंय... दम खा जरा. हे फडक्यात काय आहे ते नंतर सांगतो. आधी मला एक सांगा, ज्या माणसाने लासलगावात चाळीस वर्षं कांदा सांभाळला, एक ना दोन, चार-चार कांदाचाळी भरून कांदा, एप्रिलात भरायचा तो दिवाळीला काढायचा, आणि काढला की असा खणखणीत की जणू काल शेतातून आणलाय, त्या माणसाला दोन उंदीर सांभाळता येणार नाहीत? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं कांदा सांभाळलाय मी!

उंदीर म्हणायचं नाही, बरं का. आमच्या घरात तो शब्द बंद आहे. डेगू म्हणायचं. नाही हो, डेंग्यू नाही, डेगू! हसून घ्या, अख्ख्या सोसायटीचं हसून झालंय. आणि 'नाय' म्हणायचं नाही, 'नाही' म्हणायचं, हेही आमच्या सूनबाईंनी, उज्वलाने सांगून ठेवलंय. मी लक्षात ठेवतो, पण राग आला की लासलगाव तोंडात येतं, त्याला काही इलाज नाय... नाही. तर डेगू. उंदरापेक्षा मोठा, खारीपेक्षा जाड, शेपटीला टोकाशी रंगाच्या ब्रशासारखा गोंडा, आणि दात कसे? नारंगी! मी म्हटलं याला तंबाखूची सवय आहे की काय. तर सृष्टी म्हणाली, "आजोबा, नारंगी दात म्हणजे तब्येत चांगली." सृष्टी म्हणजे आमची नात, सातवीत आहे. तिच्या हर्षलमामाने वाढदिवसाला हे जोडपं पुण्याहून आणून दिलं. मामा लोकांचं बरं असतं बघा, देऊन मोकळे. नावं काय ठेवली पोरीने? मिसळ आणि पाव. नाशिकची पोर, दुसरं काय ठेवणार! मिसळ ती मादी, पाव तो नर.

आता यांचं मूळ गाव कुठं, तर चिली. ते तिकडे दक्षिण अमेरिकेत. डोंगरात राहायचे, थंड हवेत, बिळं करून. तिथून कुठं येऊन पडले, तर इंदिरानगरात, मे महिन्यात, तिसऱ्या मजल्यावर! त्यांना पंचवीसच्या वर पारा चालत नाही म्हणे. म्हणून एप्रिल लागला की सृष्टीच्या खोलीत दिवसभर एसी, आणि मी हॉलमध्ये ओला पंचा अंगावर टाकून पडलेलो. मी काही बोललो का? बोललो की! लय बोललो. तर सृष्टी म्हणते कशी, "आजोबा, तुम्हाला घाम येतो ना, त्यांना येत नाही." घ्या! घाम येतो ही माझीच चूक झाली!

तर झालं काय, दीपकने, म्हणजे माझ्या मुलाने, मनालीची सहल काढली. सात दिवस, तो, उज्वला आणि सृष्टी. आम्हा दोघांना चला म्हणत होते, पण आमच्या हिचे गुडघे आणि माझी सर्दी, बर्फात जाऊन करायचं काय? मग प्रश्न आला डेगूंचा. दीपक म्हणाला, पुण्याला ठेवून येऊ, तिथं अशा जनावरांची सोय करतात. मी म्हटलं, "अरे मी आहे ना घरात." तर दीपक हसला. हसून म्हणाला, "अण्णा, तुम्हाला नाही जमायचं ते." मला! मला नाही जमायचं! उज्वला म्हणाली, "अण्णा, तुम्हाला उगाच त्रास, तुम्ही बसा."

हसू नका, पण खरं सांगतो. तीन वर्षं झाली मला इथं येऊन. चाळी भाच्याकडे दिल्या, गाव सुटलं. इथं सगळं नीट आहे हो, सून चांगली आहे, जेवण वेळेवर आहे. पण तीन वर्षांत मला कुणी एक काम सांगितलं नाही. दूध बघतो म्हटलं, "अण्णा, तुम्ही बसा." दळण आणतो म्हटलं, "अण्णा, तुम्ही बसा." ज्याच्या चाळीत तालुक्यातली माणसं माल कसा ठेवलाय बघायला यायची, तो माणूस सोफ्यावर बसून रिमोट सांभाळतो. लय लागायचं मनाला. आणि त्या दिवशी ती पोर माझ्याकडे बघत होती, बघत होती, आणि एकदम म्हणाली, "आजोबा करतील." बस! दोनच शब्द. मी म्हटलं, सृष्टी, तू डोळे मिटून जा. आलीस की दोघं जसेच्या तसे तुझ्या हातात देतो. शब्द दिला मी तिला. चाळीस वर्षं कांदा सांभाळलाय मी, हे तर दोन उं... डेगू.

जाताना पोरीने फ्रीजवर कागद लावला. सूचना! पारा पंचवीसच्या आत. फ्रीजरमधली बर्फाची बाटली रुमालात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायची. बसायला गार फरशीचा तुकडा. पाण्याने आंघोळ घालायची नाही, वाटीत वाळू ठेवायची, ते वाळूत लोळतात. गोड काही नाही, त्यांना लगेच साखर होते. शेपटीला धरायचं नाही, धरली तर कातडं हातात येतं. खाली डॉक्टर तृप्तीचा नंबर, इथंच दोन गल्ल्या सोडून त्यांचा दवाखाना आहे, जनावरांचा. मी सगळं वाचलं. म्हणजे समोर दिसत होतं तेवढं वाचलं. कागदाला मागची बाजू असते, हे... जाऊ द्या, येतो त्यावर.

पहिले तीन दिवस काय सांगू तुम्हाला, राजासारखे गेले! एसी चालू, डेगू गार, आणि त्यांच्यावर नजर ठेवायची म्हणून मीही गार. अंगावर शाल, डोक्याला माकडटोपी, मे महिन्यात! आमची ही, चंद्रभागा, दारातून डोकावून म्हणायची, "उंदरावर ध्यान ठिवता का उंदरं तुमच्यावर ठिवतेत?" मी लक्ष दिलं नाही. मी त्या दोघांना कांद्याचे भाव सांगायचो, कुठल्या साली पाऊस आधी आला आणि मी रातोरात चाळीवर प्लास्टिकचा कागद कसा टाकला ते सांगायचो, आणि ती मिसळ, खोटं नाही बोलत, दोन पाय वर करून, हात जोडल्यासारखे धरून ऐकायची. तीन वर्षांत पहिल्यांदा माझं कुणीतरी पुरतं ऐकून घेत होतं. पाव मात्र नुसता कुरतडायचा. लाकूड दिलं, लाकूड कुरतडलं. कागद दिला, कागद. माझ्या शालीचं टोक, ते पण.

चौथा दिवस. सकाळी बघतो तर पावाने रात्रीतून बर्फाची बाटलीच कुरतडलेली! रुमालासकट. पाणी सगळं वाळूत, वाळूचा झाला चिखल. ती शेवटची बाटली होती, दुसरी भरून ठेवायची राहिली होती, राहते माणसाची. मी म्हटलं हरकत नाही, एसी आहे. आणि असं म्हणायला आणि अकराच्या ठोक्याला लाईट जायला... गेली! खाली विचारलं तर म्हणे पाच वाजेपर्यंत दुरुस्ती आहे. पाच! इन्व्हर्टरवर पंखा चालतो, पण पंखा काय करणार, गरम हवा या भिंतीवरून त्या भिंतीवर. सृष्टीचं एक छोटं घड्याळ आहे खोलीत, पारा दाखवणारं. सव्वीस. चहा घेऊन आलो तर अठ्ठावीस. ही म्हणाली, "डॉक्टरणीला इचारा ना." मी म्हटलं, डॉक्टर कशाला? ही काय पहिली लाईट गेली का? माझ्या चाळीत कधी एसी होता का? चाळीस वर्षं कांदा सांभाळलाय मी!

आता नीट ऐका, कारण यात शास्त्र आहे. चाळीचा नियम काय? खालून हवा, बाजूने हवा, वरून सावली. बंद हवेत माल सडतो. म्हणून मी काय केलं, पिंजरा उचलला आणि बाल्कनीत आणला. दोन स्टुलांवर ठेवला, म्हणजे खालून हवा. बाजूचे कागदबिगद सगळे काढले, म्हणजे बाजूने हवा. वरून गोणपाट टाकलं, म्हणजे सावली. वाऱ्याची दिशा बघून पिंजरा आडवा लावला. पाच मिनिटांत मी चाळ उभी केली, इंदिरानगरात! आणि शेवटचा उपाय, तो तर तुम्हाला माहीतच असेल. उन्हात निघालं की खिशात काय ठेवायचं? कांदा! माझ्या बापाने ठेवला, आजाने ठेवला, मी वैशाखात भर दुपारी लिलावात उभा राहिलोय खिशातल्या एका कांद्याच्या जिवावर. ऊन सगळं तो ओढून घेतो. पण डेगूला कुठला आलाय खिसा? म्हणून मी एक चांगला गावठी कांदा घेतला, मधोमध चिरला, एक अर्धा मिसळीचा, एक अर्धा पावाचा. सुतळीने पहिला अर्धा पिंजऱ्यात वरून टांगला. दुसऱ्याला सुतळी पुरेना, म्हणून तो हातात घेऊन सुतळी शोधायला आत गेलो, तेवढ्यात हिने हाक मारली, "पिठलं निवून चाललंय, या." गेलो. जेवलो. भाकरी झकास झाली होती. मग जरा आडवा झालो... जरा म्हणजे पाऊण तास.

उठून बाल्कनीत गेलो. मिसळ पिंजऱ्यातल्या फरशीच्या तुकड्यावर अशी पसरलेली, चारी पाय चार दिशांना, पोट टेकलेलं, डोळे अर्धे मिटलेले. पाव बाजूला बसून चिरचिर चिरचिर करतोय. मी काय म्हटलं माहितीये? मी हिला हाक मारून म्हटलं, "अगं बघ, किती शांत झोपलीय! चाळ म्हणजे चाळ!" चंद्रभागा आली. तिने नुसता हात पुढे केला वाऱ्यात, आणि मागे घेतला. पोळल्यासारखा. "अहो," म्हणाली, "झोपलं नाय ते! ऊन लागलंय त्याला! तोंड बघा कसं उघडं हाय!"

तुम्हाला सांगतो, मी पिंजरा उचलून आत आणला कसा, मला आठवत नाही. त्या छोट्या घड्याळात मी बघितलंच नाही, हिंमत झाली नाही. फ्रीजकडे धावलो, डॉक्टरचा नंबर घ्यायला. कागद ओढला तो हातातच आला, उलटा. आणि मागच्या बाजूला पोरीच्या अक्षरात, लाल शाईने, खाली दोन रेघा मारून: "कांदा, लसूण अजिबात द्यायचा नाही. त्यांच्यासाठी विष आहे."

कांदा! विष! अहो, चाळीस वर्षांत कांद्याला लोकांनी काय काय नावं ठेवली, महाग म्हणाले, स्वस्त म्हणाले, रडवतो म्हणाले, पण विष? मी पिंजऱ्याकडे बघितलं. एक अर्धा कांदा टांगलेला. एकच. मी तर दोन अर्धे केले होते! दुसरा कुठाय? भुशात बघितलं, नाही. स्टुलाखाली बघितलं, नाही. म्हणजे खाल्ला! अख्खा अर्धा कांदा त्या मुठीएवढ्या जिवाने खाल्ला, आणि तो मी दिला, माझ्या हाताने!

आणि फोन वाजला. कुणाचा असेल? मनालीहून, व्हिडिओवाला. मागे बर्फच बर्फ, सृष्टीच्या नाकाचा शेंडा टिकलीसारखा लाल. "आजोबा! मिसळ-पाव काय करतायत? दाखवा ना!" मी फोन पावाकडे धरला. पाव चिरचिर करतोय. "पाव का ओरडतोय? मिसळ कुठाय?" आणि मी म्हणालो, "झोपलीय." पासष्ट वर्षांचा माणूस, बाजारात ज्याचा शब्द चालायचा, तो सातवीतल्या पोरीला खोटं बोलला. तिने एक क्षण माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली, आणि ठेवला. ते 'बरं' इथं लागलं, छातीत. शब्द दिला होता मी. जसेच्या तसे देईन म्हटलं होतं.

मग डॉक्टरला फोन. माझा श्वास लागलेला. "हॅलो, डॉक्टर, आमची मिसळ तापलीय हो!" तिकडून आवाज, "कोण बोलतंय? कोण तापलंय?" "मिसळ! मिसळीने कांदा खाल्लाय!" "आजोबा, मिसळीत कांदा असतोच की. तुम्ही दवाखान्यात फोन लावलाय." म्हटलं, "अहो, ती मिसळ नाय! सृष्टीची मिसळ! पाव बाजूला बसून रडतोय!" मग सृष्टीचं नाव ऐकून त्यांच्या डोक्यात उजेड पडला. एकदम आवाज बदलला. "बर्फाच्या पाण्यात टाकू नका. एकदम गार केलं तर दगावेल. गार फरशीवर घ्या, कानाला आणि पायांना ओलसर फडकं लावा, अंग भिजवू नका. मी येतेच."

गार फरशी! अहो, त्या दुपारी घरात गार फरशी कुठली? हॉल तापलेला, खोली तापलेली. मी त्या जिवाला हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत, आणि तोंडाने आपलं चालूच, खालून हवा... बाजूने हवा... तेव्हा ही कडाडली. चंद्रभागा! त्रेचाळीस वर्षांच्या संसारात मी तो आवाज दोनदा ऐकलाय. "गप बसा! चाळीस वर्षं तुम्ही कांदा सांभाळला, अन् तुम्हाला कोणी सांभाळलं? बाजारातून तापून यायचे तं पाणी कशातलं पेत होते?"

म्हटलं, "माठातलं."

"मंग!"

तिने तिवईवरचा माठ उचलला. गावाहून आणलेला, आठ वर्षांचा, उज्वला तीन वर्षं म्हणतेय की टाकून द्या. सगळं पाणी मोरीत ओतलं. ओट्याखाली कडप्पा आहे, तिथं ऊन कधीच येत नाही, तिथं माठ आडवा ठेवला. आतून कोरड्या फडक्याने पुसून काढला, मूठभर सुकं गवत घातलं, आणि बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं. "आण ते इकडं." मला 'आण' म्हणाली. मी आणलं. ओंजळीत धरून, शेपटीला हात न लावता. मिसळ आत ठेवली. पाव आपणच धावत गेला तिच्या मागे, आणि तिला चिकटून बसला. ही बोटाला ओलं फडकं गुंडाळून तिच्या कानाला लावत राहिली. मी शेजारी फरशीवर. काही करायचं नव्हतं मला. "तुम्ही बसा" म्हणतात ना, तसा बसलो.

आणि तिथं बसल्या बसल्या मला कळलं. कांद्याला उन्हाचं काही वाटतच नाही हो! आम्ही मुद्दाम तापवतो त्याला, वाळवतो, तेव्हा तो पक्का होतो. कांद्याचा वैरी ओल. चाळीस वर्षं मी माल ओलीपासून वाचवला, उन्हापासून मला काही वाचवावंच लागलं नाही कधी. आणि मी त्या घाम न येणाऱ्या जिवाला एक्केचाळीसच्या वाऱ्यात टांगून आलो, वर म्हणतो चाळ म्हणजे चाळ! रडलो मी. कांदा न चिरता रडलो. वणीच्या देवीला नारळ बोललो. हो, उंदरासाठी! आणि म्हटलं, आई, हिला उठव, पोरीला मी सगळं खरं सांगीन.

डॉक्टर तृप्ती आल्या, तीन मजले चढून, हाश्शहुश्श करत. वयाने मोठ्या नाहीत, पोरसवदाच आहेत, पण हात कसा हलका! माठात बघितलं, हिच्याकडे बघितलं, म्हणाल्या, "हे कुणी सुचवलं? उत्तम आहे!" मी तोंड उघडणार होतो, पण हिने बघितलं माझ्याकडे. मग राहू दिलं. मिसळीला तपासलं, तोंड उघडून बघितलं, दात बघितले. तोवर तिने मान उचलली हो! मान उचलली, आणि पावाच्या कानात काहीतरी चिरचिरली. नक्की माझीच तक्रार असणार.

"ऊन लागलं होतं, वेळेत आत घेतलंत," डॉक्टर म्हणाल्या. "आता कांद्याचं सांगा. किती खाल्ला?" मी मान खाली घातली. "अर्धा." "अर्धा कांदा? आजोबा, अर्धा कांदा म्हणजे हिच्या डोक्यापेक्षा मोठा झाला. आणि हिच्या तोंडाला तर वास सुद्धा नाही." मग त्या थांबल्या. जरा पुढे वाकल्या. माझ्या बाजूला. "आजोबा... वास तर येतोय. पण तुमच्या तोंडाला येतोय. जेवायला काय होतं आज?"

म्हटलं, "पिठलं, भाकरी, आणि..."

तुम्हाला सांगतो, त्या 'आणि'पाशी मला सगळं आठवलं! सुतळी शोधायला गेलो होतो ना, हातात पावाचा अर्धा घेऊन? पानावर बसलो तो तसाच बसलो. भाकरी समोर आली, हातात कांदा आहे, आता चाळीस वर्षांची सवय, हात काय विचारून खातो का? पावाचा वाटा मी खाल्ला होता! चंद्रभागा आधी हसली नाही. आधी तिने कपाळाला हात लावला. मग डॉक्टर हसल्या, मग ही जी हसायला लागली ती पदर तोंडात कोंबून, पाच वाजता लाईट आली तरी हसतच होती.

सातव्या दिवशी मंडळी परत आली. सृष्टी बूटही न काढता आत. पिंजऱ्यात बघते तर कुणी नाही. मी ओट्याकडे बोट दाखवलं. दोघं माठात, गवताचं घर करून, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून मजेत. जसेच्या तसे! गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. दीपकसुद्धा म्हणाला, "वा अण्णा, जमलं की!" किती दिवसांनी ऐकलं हे मी. पण वणीच्या आईला शब्द दिलेला. मी सगळं सांगितलं. बाल्कनी, चाळ, कांदा, खोटं बोललो तेही. पोर ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, आजोबा. ती झोपली असती तर पाव ओरडला नसता. मी थोड्या वेळाने आजीला फोन केला." बघा! म्हणजे त्याच दुपारी आमच्या हिला फोन आलेला, मी रडण्यात, मला पत्ता नाही, आणि ही गप्प! "मग तू ओरडली का नाहीस मला?" तर म्हणते, "आजी म्हणाली, तुझे आजोबा मिसळीपाशी बसून रडतायत. मग मी कशाला ओरडू?"

आता मला सांगा, अशा पोरीपुढे माणसाने काय करावं? मिठी मारावी. मारायला गेलो, तर हात लांब करून म्हणते, "आजोबा, थांबा, तुम्ही आज कांदा खाल्लाय?"

तर असं आहे. डेगू आता माठ सोडायला तयार नाहीत. एसी पण त्यांचा, माठ पण त्यांचा. मी फ्रीजचं पाणी पितो, घसा बसलाय, ऐकताय ना आवाज? फ्रीजवर नवा कागद लागलाय. या वेळी मी दोन्ही बाजू वाचल्या. वर लिहिलंय, "मुख्य जबाबदार: आजी. मदतनीस: आजोबा." मदतनीस तर मदतनीस! नाव आहे ना फ्रीजवर! तीन वर्षांत पहिल्यांदा माझं नाव लागलंय त्या घरात कुठंतरी. रोज सकाळी सातला गोणपाट ओलं करायचं काम माझं आहे, आणि एक दिवस चुकलो नाही मी, विचारा कुणालाही. आत्ता लाईट गेलीय, तरी बघा, मी कसा निवांत बसलोय. घरातून निघायच्या आधी बाटल्या मोजून आलोय, चार आहेत फ्रीजरमध्ये.

फक्त त्या कागदावर बाराव्या नंबरला एक ओळ आहे. लाल शाईने, खाली दोन रेघा. "घरात कच्चा कांदा आणायचा नाही, खायचा नाही, आणि खाऊन पिंजऱ्याजवळ यायचं नाही." सही सृष्टीची, सही दीपकची, सही उज्वलाची, आणि खाली आमच्या हिचा अंगठा. हिला सही येते हो! मुद्दाम अंगठा केला, जोर दिसावा म्हणून.

आली वाटतं लाईट. हो, लिफ्टचा आवाज येतोय. जा तुम्ही, जा वर. नाही, मी नाही येत इतक्यात, माझं जेवण राहिलंय. हे फडक्यात ना? भाकरी आहे. आणि हा... थांबा, खिशात अडकलाय... हा! बघा कसा आहे, गावठी, खणखणीत. जरा सरका, बुक्की मारू द्या. अहो, कांदा कुठे ठेवावा हे अख्खा तालुका मला विचारायचा, चाळीस वर्षं कांदा सांभाळलाय मी. आता तुम्ही विचाराल तर सांगतो. कांदा ठेवायचा खिशात, आणि खिसा ठेवायचा जिन्यात.